‘च’ कुठं लावायचा आणि कुठं नाही : ताठर डोकं थोडं सैल करायला निघालेल्यांसाठी

बेळगावातल्या आमच्या अनगोळात पोरांना पाढ्यांच्या आधी घोषणा पाठ होतात. मीही काकाच्या सायकलच्या दांडीवर बसून ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं घसा बसेपर्यंत ओरडलोय. अर्थ कळत नव्हता, पण जोर कुठं द्यायचा ते बरोबर कळायचं. ‘झाला’वर नाही, ‘पाहिजे’वर नाही. मधल्या ‘च’वर.

त्या ‘च’बद्दल मला आज काही म्हणायचं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, पुढं सीमेच्या वादावर महाजन आयोग झाला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर माझं मत ठाम आहे आणि हा लेख ते हलवायला लिहिलेला नाही. माझी अडचण निराळी. तो ‘च’ मी तिथून उचलला आणि दिसेल त्याला चिकटवत सुटलो. चहाला, नातवाच्या शाळेला, बसमधल्या सीटला, कारखान्यातल्या प्रत्येक बिघाडाला. पन्नाशी उलटल्यावर घरची माणसं माझ्याशी बोलायच्या आधी एकमेकांकडं बघायला लागली, तेव्हा काहीतरी बिनसलंय असं वाटलं.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, सव्वीस वर्षं तपासणी खात्यात काढली, हीच काय ती माझी पात्रता. मानसशास्त्राची पदवी नाही. थोडं वाचलं, बरंचसं स्वतःवर करून बघितलं. त्यातलं जे उपयोगी पडलं ते सुरुवात करणाऱ्याला जमेल अशा क्रमानं सांगतो.

आधी हे ठरवा : ठाम की हेकट?

दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. फरक एका प्रश्नात कळतो. ‘काय दिसलं तर तुझं मत बदलेल?’ असं विचारा. ठाम माणूस विचार करून काहीतरी सांगतो. हेकट माणसाला तो प्रश्न म्हणजे अपमान वाटतो. मला हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या मुलीनं विचारला, तेव्हा मी ताट सरकवून उठलो होतो. यावरनं काय ते समजा.

पहिली पायरी : आठवडाभर ‘च’ मोजा

खिशात मावेल अशी वही घ्या. दिवसभरात तुमच्या तोंडून किंवा मनातून ‘च’ लागलेलं जे वाक्य निघेल ते लिहा, आणि पुढं कुणाबद्दल ते लिहा. ‘कधीच’, ‘नेहमीच’, ‘पाहिजेच’, ‘असलेच’, ‘मुद्दामच’. सुधारायचं काही नाही, नुसतं लिहायचं. पहिल्या आठवड्यात सुधारायला गेलात तर लिहिणं बंद पडतं, हे अनुभवानं सांगतो.

माझ्या वहीचं पहिलं पान असं होतं :

चहा उकळलाच पाहिजे. (बायकोला)
आजकालच्या पोरांना कामच नको. (कारखान्यात, तिघांसमोर)
कंडक्टर सुट्टे मुद्दामच देत नाहीत. (मनात)
पाहुणे जेवायच्या वेळेलाच येतात. (मनात, पण चेहऱ्यावर दिसलं असणार)
मी सांगितलेलं कुणी ऐकतच नाही. (मुलीला)

दुपारच्या सुट्टीपर्यंत पान भरलं होतं.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिचा गाभा जवळपास हाच. माणसाला काही गोष्टी हव्याशा वाटतात, त्यात बिघडत नाही. त्या ‘हव्याशा’चं ‘झालंच पाहिजे’ होतं तिथं त्रास सुरू होतो. एलिस हे हट्ट तीन जागी शोधायचे : स्वतःकडून, दुसऱ्यांकडून आणि एकूण जगाकडून. तुमच्या वहीतल्या वाक्यांपुढं या तीनपैकी एक खूण करा. बहुतेकांचं एक खातं फुगलेलं असतं. माझं ‘दुसऱ्यांकडून’चं होतं. बायकोनं स्वतःची वही केली तर तिचं जवळजवळ सगळं ‘स्वतःकडून’ निघालं. घर स्वच्छ असलंच पाहिजे, सणाला मांडे जमलेच पाहिजेत. एकाच छपराखाली दोन तऱ्हेचे ताठ.

दुसऱ्या आठवड्यात रोज एकच वाक्य घ्या आणि ‘च’ काढून पुन्हा लिहा. यासाठी आपल्याकडं एक तयार हत्यार आहे, ते म्हणजे ‘की’. पुण्याकडची नातेवाईक मंडळी आपल्या ‘बस की’, ‘ये की’, ‘असू दे की’ला हसतात. हसू देत. ‘पोरगं वेळेवर आलंच पाहिजे’ याचं ‘पोरगं वेळेवर आलं तर बरं की’ करून मोठ्यानं म्हणून बघा. अपेक्षा तीच राहते, जबडा मात्र सुटतो. जबडा आवळलेलाच राहिला तर तुम्ही फक्त शब्द बदललाय असं समजा आणि दुसरं वाक्य घ्या.

सगळे ‘च’ काढायचे नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवतो. धातू ओतताना बूट आणि चष्मा घातलाच पाहिजे. बीपीची गोळी वेळेवर घेतलीच पाहिजे. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. वहीच्या शेवटच्या पानावर अशा कायमच्या ‘च’ची यादी करा. ती दहा ओळींपेक्षा लांबली तर पुन्हा गाळायला बसा.

दुसरी पायरी : भांड्यांचं कोडं स्वतः सोडवा

हे वाचून पुढं जाऊ नका, पेन घ्या. तीन भांडी आहेत. पहिल्यात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. तुम्हाला बरोबर १०० मापं मोजून हवीत.

थोड्या खटपटीनं जमतं. मोठं भरा, त्यातनं पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा काढा. १२७ वजा २१ वजा ६, झाले १००. आता त्याच पद्धतीनं १४, १६३, २५ घेऊन ९९ मिळवा. मग १८, ४३, १० घेऊन ५. हात बसला ना? आता हे घ्या : भांडी २३, ४९ आणि ३. हवीत २० मापं.

‘४९ वजा २३ वजा ६’ केलंत? मीही तेच केलं. उत्तर बरोबर येतं. पण २३ मधनं ३ काढले की काम झालं असतं. मोठ्या भांड्याला हात लावायचीही गरज नव्हती. आणखी एक : २८, ७६, ३ आणि हवीत २५. इथं जुनी रीत चालतच नाही, आणि तिच्यात अडकलेली माणसं ‘गणित चुकीचं आहे’ म्हणतात. उत्तर समोर आहे, २८ वजा ३.

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञानं १९४२ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना आधीची लांबलचक गणितं दिली नव्हती ती माणसं सोपी वाट सहज पकडत होती. ज्यांचा हात बसला होता ती लांबच्या वाटेनं जात राहिली. म्हणजे यात बुद्धी कमी पडत नाही. आधी मिळालेलं यशच डोळ्यांवर येतं. लुचिन्सनं काही जणांना मध्येच कागदावर ‘आंधळे होऊ नका’ असं लिहायला लावलं, तेवढ्यानंही काहींना सोपी वाट दिसली.

हे कोडं घरात प्रत्येकाला घाला. मी सोडवताना नातू शेजारी बसला होता. आधीची तीन त्यानं बघितलीच नव्हती, त्यामुळं चौथं पाच सेकंदांत सांगून तो खेळायला पळाला. मी कागद चुरगळला, मग पुन्हा सरळ करून वहीत ठेवला.

कामाच्या टेबलावर, गल्ल्यावर, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, जिथं तुमचा हात सगळ्यात जास्त बसलाय तिथं एक चिठ्ठी लावा : ‘हे पहिल्यांदाच करत असतो तर कसं केलं असतं?’ नवख्या जागी हिची गरज नसते. जिथं तुम्ही उस्ताद आहात तिथं असते.

तिसरी पायरी : भोक कुठं पडलंय ते बघा

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण ती मला महागात पडली.

बेळगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना जुलैची फौंड्री सांगायला नको. भिंतीला ओल, मोल्डिंगच्या वाळूला ओल. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट ही चिकट माती आणि पाणी घालतात, पाणी साधारण ३ ते ४ टक्के. ते वाढलं की तापलेला धातू पडताच वाफ धरते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून केलेल्या वस्तूत, पोकळी राहते. तिला आम्ही ब्लोहोल म्हणतो. माझ्या डोक्यात वर्षानुवर्षांचं गणित पक्कं होतं : पाऊस म्हणजे ओली वाळू, ओली वाळू म्हणजे ब्लोहोल.

त्या वर्षी एका पंपाच्या बॉडीचं रिजेक्शन अचानक चढलं. मशीनवर चढवलं की भोकं उघडी पडत. मी वाळूचं पाणी कमी करायला सांगितलं. फरक पडला नाही. अजून कमी करा म्हणालो. आता वाळू इतकी कोरडी झाली की साच्याच्या कडा झडायला लागल्या, ब्लोहोल होतेच, वर वाळूचे कणही धातूत अडकायला लागले. माझं काय चुकतंय असं तेव्हाही मनात आलं नाही. पाणी नीट कमी करत नाहीत, एवढंच आलं.

कास्टिंग आतनं पोकळ राहावं म्हणून साच्यात वाळूचा जो गाभा ठेवतात तो कोअर. त्या कोअरच्या खोलीत बैलहोंगलकडचा एक पोरगा नवीन लागला होता. त्याला मराठी जेमतेम, मला कन्नड कामापुरतं. रिजेक्शनच्या ढिगापाशी उभा राहून तो म्हणाला, ‘सर, तूतु ओळगडे अष्टे अदाव.’ भोकं फक्त आतल्या बाजूला आहेत. मी म्हणालो, ‘तुझं काम बघ की.’ तो गेला.

चार दिवसांनी ग्राहकाकडनं सगळा लॉट परत आला. त्या रात्री मी ढिगापाशी एकटा बसलो आणि एकेक बॉडी हातात घेऊन बॅटरीच्या उजेडात फिरवली. बाहेरच्या अंगाला, जिथं ओली वाळू धातूला लागते, तिथं एक भोक नाही. सगळी आत, कोअरच्या बाजूला. गेले दहा दिवस मी हीच बॉडी रोज हातात घेत होतो. भोकं मोजत होतो. भोक कुठं आहे हे एकदाही बघितलं नव्हतं.

सकाळी कोअरच्या खोलीत गेलो. कोअरला वरनं जो लेप देतात तो वाळायला मांडायचा रॅक कुणीतरी खिडकीखाली सरकवला होता. पावसाची झड थेट आत. वरनं सुके दिसणारे कोअर आतनं दमट होते. रॅक हलवला, लेप भट्टीच्या खोलीत वाळवला, वाळूचं पाणी होतं तिथं आणलं. पुढच्या ओतकामात प्रश्न मिटला. पोरगा काही बोलला नाही. मीच त्याला चहाला घेऊन गेलो, आणि चहा उकळलेला नव्हता हे लक्षात आलं तरी गप्प प्यालो.

या गोष्टीतनं करायची कृती एवढीच : एखाद्या कारणाची खात्री वाटायला लागली की लिहा, ‘माझं म्हणणं खोटं असेल तर काय दिसायला हवं?’ आणि मग तेच शोधायला जा. ओल्या वाळूचा दोष असता तर भोकं बाहेरच्या अंगालाही दिसायला हवी होती. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर दहा दिवस वाचले असते.

हे आपोआप का होत नाही, ते इंग्लंडमधल्या पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एका साध्या खेळातनं दाखवलं. ते लोकांना २, ४, ६ हे आकडे देत आणि यामागचा नियम ओळखायला सांगत. तुम्ही आपले तीन आकडे सांगायचे, ते नियमात बसतात की नाही एवढं ते सांगणार. बरेच जण ८, १०, १२ सांगत. बसतं. २०, २२, २४. बसतं. मग आत्मविश्वासानं म्हणत, नियम दोन-दोननं वाढण्याचा आहे. तो नव्हता. नियम फक्त चढत्या आकड्यांचा होता. १, ७, ५० सुद्धा बसलं असतं. पण आपली कल्पना मोडेल असे आकडे विचारायचं कमी जणांना सुचलं. आपण होकार गोळा करत फिरतो. मी ढिगातली भोकं मोजत होतो ते तेच.

गल्लीतल्या भांडणाला, नवऱ्याच्या अबोल्याला, सुनेच्या ‘तोऱ्या’लाही हीच कृती लागू पडते. ‘ती मला मुद्दाम टाळते’ असं वाटत असेल तर, ती टाळत नसेल तर काय दिसेल ते लिहा. मग दोन दिवस नुसतं बघा.

‘म्हणजे लेचापेचा व्हायचं काय?’

ही शंका आमच्या कट्ट्यावर हमखास येते, म्हणून पायऱ्या थांबवून तिचं उत्तर देतो.

कोअरचीच गोष्ट घ्या. धातू ओतताना तो इतका घट्ट हवा की वितळलेल्या लोखंडाच्या लोंढ्यातही आकार धरून ठेवेल. पण धातू थिजायला लागला की आकसतो. त्या वेळी कोअरनं आतल्या आत मोडायला हवं. तो अडून बसला तर कास्टिंग तडकतं. चांगला कोअर म्हणजे ज्याला कधी टिकायचं आणि कधी मोडायचं हे दोन्ही जमतं तो. लेचापेचा कोअर आम्ही पहिल्याच दिवशी फेकतो.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. लहानपणीच नाव झालं. ऐन तारुण्यात क्षयानं गाठलं, मध्य प्रदेशातल्या देवासला हवापालटासाठी जावं लागलं आणि काही वर्षं गाणं बंद. एक फुप्फुस जवळपास निकामी झालं. लांब दमाच्या ताना ही ज्या गाण्याची ऐट, त्यात हा माणूस परतला कसा? छोट्या, तुटक, धारदार फेकीची गायकी घेऊन. आजारपणात खिडकीतनं कानावर पडणारी माळव्याची लोकगीतं त्यांनी मनात साठवली आणि पुढं त्या धुनांमधनं राग बांधले. पूर्वीसारखंच गायचं असा हट्ट धरला असता तर काय झालं असतं ते मला ठाऊक नाही, पण जे झालं ते आपण ऐकतो. सूर सोडला नाही, श्वासाची मांडणी बदलली. याला कुणी लेचापेचा म्हणून दाखवावं.

चौथी पायरी : समोरच्याची बाजू तुम्ही मांडा

नियम साधा, पाळायला अवघड. वाद घालायच्या आधी समोरच्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगायचं. त्यानं ‘हां, हेच म्हणतोय मी’ म्हटल्याशिवाय आपलं काही बोलायचं नाही. टोमणा चालणार नाही. ‘म्हणजे तुला मराठी बुडवायचीय तर’ हे समोरच्याचं म्हणणं नव्हे.

आमच्याकडं वाद होता नातवाच्या शाळेचा. माझं म्हणणं : मराठी शाळेतच. जावयाचं : इंग्रजी माध्यम. प्रत्येक सणाला हा विषय निघायचा आणि जेवणाची चव जायची. या नियमानं पहिल्यांदा बसलो तेव्हा मला त्याची बाजू तीनदा सांगावी लागली. पहिल्यांदा मी म्हणालो, ‘तुला वाटतं इंग्रजीनं नोकरी मिळते.’ तो म्हणाला, अर्धंच. दुसऱ्यांदा म्हणालो, ‘तुला मराठी शाळा मागास वाटते.’ तो चिडला, तोही मराठी शाळेतच शिकलेला. तिसऱ्यांदा मी गप्प राहून विचारलं. तो म्हणाला, ‘मामा, मी दहावीनंतर धारवाडला शिकायला गेलो तेव्हा पहिलं वर्ष वर्गात तोंड उघडलं नाही. ना कन्नड धड, ना इंग्रजी. ते वर्ष पोराच्या वाट्याला नको.’

सात-आठ वर्षं हा माणूस माझ्या पंगतीला बसत होता, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

वाद माझ्या मनासारखा सुटला नाही. नातू इंग्रजी शाळेत आहे. पण ‘मराठी की इंग्रजी’ या दोन खुंट्यांच्या मधली जागा दिसायला लागली. रोज रात्री तो मला मराठी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि आठवड्यातनं दोनदा शेजारच्या अक्कांकडं कन्नड वाचायला जातो. त्या त्याला फुकट शिकवतात, बदल्यात त्यांना टीव्हीचा रिमोट समजावून द्यायचा.

तुमच्या वादातही एक ठरवून करा : ‘हे नाहीतर ते’ असं वाक्य निघालं की तिसरा, चौथा पर्याय लिहिल्याशिवाय उठायचं नाही. तो वेडगळ असला तरी चालेल. वेडगळाच्या पाठीमागनं कधीकधी चांगला येतो.

पाचवी पायरी : रोजचा थोडा सराव

डाव्या हातानं दात घासा, घड्याळ उलट्या मनगटावर बांधा, असले सल्ले फिरत असतात. करून बघितले. दात नीट घासले गेले नाहीत, बाकी काही झालं नाही. चुकायची आणि थोडं हसं व्हायची तयारी लागेल असा सराव घ्या. आपल्या भागात तो दारातच आहे : कन्नड.

कामापुरतं बोलतो आपण बहुतेक. बसची पाटी मात्र शेजाऱ्याला विचारतो. मी पंचावन्नाव्या वर्षी आधी दहा आकडे शिकलो, मग रोज एका दुकानाची पाटी. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उभा राहून गाडीचं नाव अक्षर जुळवत वाचेपर्यंत दोनदा गाडी सुटली. तरी मजा आहे. ‘हालु’ म्हणजे दूध, आणि आपल्याकडं हाल म्हणजे हाल. ‘तायी’ म्हणजे आई, आपली ताई म्हणजे बहीण. ‘अवकाश’ म्हणजे संधी. आणि तूप मागायला गेलात तर ‘तुप्पा’, म्हणजे शब्द सीमा न बघता कधीचाच इकडं-तिकडं झालेला. एकच आवाज, आणि अर्थ कुठल्या गल्लीत उभे आहात त्यावर. हे रोज कानावर पडलं की ‘माझाच अर्थ खरा’ हा पीळ थोडा ढिला होतो. दोन भाषा येणाऱ्यांचं डोकं आपोआप जास्त लवचीक होतं, असं काही ठिकाणी वाचाल. संशोधकांत त्यावर बराच वाद आहे, तेव्हा मी तसा दावा करत नाही. आपल्या सीमाभागात दोन-तीन भाषा येणारे हेकट मी भरपूर बघितलेत, त्यातला एक आरशात.

कन्नड येत असेल तर दुसरं काही घ्या, पण ज्यात तुम्ही शेवटच्या बाकावर असाल असंच.

सरावातला दुसरा भाग म्हणजे ‘जर-तर’ची वाक्यं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी यावर पुष्कळ काम केलंय. ‘मी शांत राहीन’ असा नुसता निश्चय राग आला की आठवत नाही. ‘अमुक झालं, तर मी तमुक करीन’ असं आधीच जोडून ठेवलं की प्रसंग स्वतःच आठवण करून देतो. वाक्य इतकं बारीक हवं की करताना विचार करावा लागू नये. माझी तीन सांगतो. जर कंडक्टरनं कन्नडमध्ये काही विचारलं, तर मी आधी कन्नडमध्ये एक शब्द तरी बोलीन. जर कुणी ‘मामा, पण…’ म्हणालं, तर मी हातातली वस्तू खाली ठेवीन. जर बसमध्ये कुणी ‘स्वल्प अडजस्ट माड्री’ (थोडं सरकून घ्या) म्हणालं, तर मी आधी सरकीन आणि मग काय ते ठरवीन. तिसरं सगळ्यात सोपं, म्हणून सुरुवात तिथनं करा.

हे वहीनं सुटणार नाही, ते कसं ओळखायचं

काही ताठरपणा सवयीचा नसतो. कुलूप दहा-दहा वेळा तपासल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. तोच विचार नको असताना दिवसभर घुमतो. ‘आता काहीच होणार नाही’ हे आठवडेच्या आठवडे डोक्यातनं हलत नाही, झोप आणि भूक गेली आहे. किंवा म्हातारपणी एकाएकी स्वभाव बदलून माणूस हट्टी झालाय. अशा वेळी ‘च’ मोजत बसू नका आणि घरच्यांना ‘जरा लवचीक हो की’ म्हणू नका. मनोविकारतज्ज्ञाकडं न्या. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्याला जवळ आहे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६, फोन फुकट आणि चोवीस तास. जीव नकोसा वाटतोय असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

वहीचं काय करायचं

महिन्याच्या शेवटी पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवून वाचा. ‘च’ कमी झालेत का ते मोजू नका, ते फारसे कमी होत नाहीत. ‘च’ निघाल्यापासून तो तुमच्या लक्षात येईपर्यंत किती वेळ गेला, ते बघा. मला सुरुवातीला दोन दिवस लागायचे. या आठवड्यातल्या नोंदी जशाच्या तशा उतरवतो :

सोमवार. सून म्हणाली, भाकरीऐवजी भात करते. ‘भाकरीच’ म्हणालो. पाणी पिताना लक्षात आलं. भात खाल्ला.

मंगळवार. चौथं रेल्वे गेट पडलं. मालगाडी. तिसऱ्या गेटच्या पुलावरनं जाता आलं असतं. ‘इथनंच जाणार’ म्हणून वीस मिनिटं स्कूटर चालू ठेवून बसलो. गाडी गेल्यावर लक्षात आलं.

बुधवार. काही नाही. किंवा लक्षात आलं नाही.

गुरुवार. पुन्हा गेट. पुलावरनं गेलो. तिथंही गर्दी होती.